ओरखड्यांची उतरंड

गुळगुळीत म्हणजे ओरखडे नसलेले, असे आपण धरून चालतो. ओरखडे असतातच. ते नजरेच्या आवाक्याखाली गेलेले असतात, एवढेच.

आयझॅक न्यूटनने १७०४ साली छापलेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काच घोटण्याविषयी हेच सांगितले आहे. वाळू असो की कथलाची भुकटी, ती काचेला खरवडतेच. तिला दुसरे काही येत नाही. कण बारीक तर ओरखडा बारीक. तो दिसेनासा झाला की आपण काचेला चकचकीत म्हणतो. न्यूटनचे हे नुसते तर्काने केलेले विधान नाही. आपल्या दुर्बिणीचा धातूचा आरसा त्याने स्वतःच्या हाताने घोटला होता.

सागवानी टेबलाला पॉलिशचा शेवटचा हात दिला, तो वाळला, आणि वरून तळवा फिरवला की याच गोष्टीची दुसरी बाजू कळते. डोळ्याला सगळे नितळ दिसते, हाताला कण लागतात. ओल्या पॉलिशवर हवेतली धूळ बसलेली असते. ब्रशचा एखादा केस राहिलेला असतो. पहिल्या हाताच्या ओलाव्याने लाकडाचे तंतू फुगून उभे राहिलेले असतात. या सगळ्यांना पॉलिशने झाकले, पण सपाट केले नाही.

बोट डोळ्यापेक्षा कडक परीक्षक आहे. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली मुद्दाम बारीक सुरकुत्यांचे पृष्ठभाग तयार करून माणसांच्या बोटांखाली दिले. अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीची सुरकुतीही सपाट पृष्ठभागापासून वेगळी ओळखता आली. वहीचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड धरला, तर त्याचे साडेसात हजारांहून जास्त पापुद्रे काढावेत आणि त्यातला एक घ्यावा, एवढी ती उंची. अट एकच होती: बोट हलते हवे. नुसते टेकवलेले बोट फारसे काही सांगत नाही.

म्हणून पॉलिशची परीक्षा डोळे मिटून करावी.

*

कण लागले तर खाकी कागद घ्यावा. जूनमध्ये वह्यापुस्तकांना घालतात तो, साधा, मेणकट चकाकी नसलेला. चुरगाळून थोडा मऊ करावा, घडी घालावी आणि रेषांच्या दिशेने, वजन न देता फिरवावा. अमेरिकेतले हौशी सुतार किराणा दुकानाच्या तपकिरी पिशवीचा तुकडा याच कामासाठी जपून ठेवतात. चार-सहा फेऱ्यांत कण जातात आणि चमक जागच्या जागी राहते.

यात जादू काही नाही. सपाट भागावर हाताचा दाब सगळीकडे वाटला जातो, तिथे कागदाला काही करता येत नाही. उंचवट्यावर मात्र सगळा दाब एका टोकावर येतो, आणि तिथे कागदाचे भरड तंतूही कापू शकतात. उंचवटा कुठे आहे हे कागदाला शोधावे लागत नाही. उंच असणे हेच त्याच्या झिजण्याचे कारण असते.

दुर्बळ साधन इथे निवडक ठरते. कडक सँडपेपर सगळ्यांनाच खरवडतो. कागद फक्त ज्याला खरवडायचे त्याला. शेवटच्या हाताला जवळजवळ काहीच न करू शकणारी वस्तू लागते, आणि तशी वस्तू बाजारात क्वचित विकायला असते, कारण ‘जवळजवळ काहीच करत नाही’ असे लिहून कोणी माल विकत नाही. ती घरातच असते.

पॉलिशवाले झिजलेला पेपर फेकत नाहीत, तेही याच समजुतीने. नव्या पेपरवरचे दाणे टोकदार असतात. दहा खुर्च्या घासून त्याची टोके गेली, मधल्या जागा भुकटीने भरल्या, की तो शेवटच्या हातावर फिरवण्याइतका सौम्य होतो. दुकानदाराच्या हिशेबात तो संपलेला असतो.

*

शेवटची पायरी सौम्य असली, तरी तिच्या आधीच्या पायऱ्या टाळता येत नाहीत.

पेपरच्या पाठीवर छापलेला आकडा दाण्यांची जात सांगतो. पी ४०० चा दाणा सरासरी ३५ मायक्रॉन, पी १००० चा १८, पी २००० चा १०. प्रत्येक पेपरचे काम एकच: आधीच्या पेपरची खूण पुसायची आणि स्वतःची, तिच्याहून लहान, मागे ठेवायची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या उतरंडीतले मधले मडके काढून घेतले तर वरचे हवेत राहत नाही.

घाई करणारा मधले पेपर गाळून एकदम बारीकवर येतो. मोठा ओरखडा बारीक पेपरने जात नाही, उजळतो. त्याचा तळ आणि कडा चकचकीत होतात, आणि जो मळकट पृष्ठभागात लपला असता तो आता दारातून दिसतो. आयुष्याचे धडे मी यातून काढत नाही. पण लाकडाच्या बाबतीत हे दर वेळी खरे ठरते.

*

पेपरच्या जागी घरातल्या भुकट्या वापरायच्या तर आधी कठीणपणाचा विचार मनात येतो. तो फार उपयोगाचा नाही. मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर खाण्याचा सोडा अडीचच्या आसपास, चुनखडी तीन, गारगोटी सात. पॉलिशचा थर हा शेवटी राळेचा थर. यातले काहीही त्याला खरवडू शकते. तेव्हा प्रश्न कठीणपणाचा नाही, कणाच्या आकाराचा आहे. आणि आकारातही सरासरीचा नाही.

भुकटी तिच्यातल्या सर्वांत मोठ्या कणावरून जोखावी. लाख कण पिठासारखे बारीक असले आणि एक खडा असला, तर टेबलावर उमटतो तो खडा. बाकीच्या लाखांची मेहनत त्या एका रेघेने वाया जाते.

आपल्याकडची औषधे कुटणारी माणसे वस्त्रगाळ पूड करत. मलमलीच्या दुहेरी पदरातून जे गळते तेवढेच घ्यायचे, उरलेले पुन्हा खलात. पॉलिशसाठी एवढे पुरते, पण याहून बारीक चाळणी हवी असेल तर ती पाण्याची. भुकटी पाण्यात ढवळावी, थोडे थांबावे, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात अलगद ओतून घ्यावे, आणि तिथे तळाशी जो गाळ बसेल तो वाळवावा. जॉर्ज स्टोक्सने १८५१ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे कणाचा व्यास दुप्पट झाला की त्याच्या बुडण्याचा वेग चौपट होतो. गारगोटीच्या जातीचा २० मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर पाणी चार-साडेचार मिनिटांत उतरतो. १० मायक्रॉनच्या कणाला सोळा-अठरा मिनिटे लागतात. म्हणजे ढवळून पाच मिनिटे थांबलो आणि वरचे दहा सेंटिमीटर ओतून घेतले, की त्यात पी १००० च्या सरासरी दाण्याहून मोठे फारसे काही उरत नाही. वीस मिनिटे थांबलो तर पी २००० च्या.

ज्या कामाला यंत्राची चाळणी लागेल असे वाटते, ते काम भांडेभर पाणी आणि थांबणे एवढ्यावर होते. थांबणे हे इथे साधन आहे, अगदी पटाशी किंवा रंध्याइतके.

*

कोकणात भाताची फोलपटे जाळून रांगोळी करतात. त्या राखेचा बहुतेक भाग सिलिका असतो, म्हणजे गारगोटीचेच द्रव्य. भाताच्या रोपाने ते चिखलातून उचलून तुसात साठवलेले असते. देशावरची रांगोळी पांढऱ्या दगडाची. दोन्ही अंगणात चिमटीतून सुटाव्यात एवढ्या भरड असतात, तशाच्या तशा टेबलावर नेऊ नयेत. पाण्यातून काढलेला त्यांचा गाळ मात्र उत्तम. तो कोरडा उधळू नये. बारीक सिलिका श्वासात जाणे वाईट. ओल्या किंवा तेलकट फडक्यावरच घ्यावा.

चुलीची राख अधिक गुंतागुंतीची. तिच्यात चुन्याचे आणि पोटॅशचे क्षार असतात, पाणी लागले की ती अल्कली होते. चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश अल्कलीत विरघळते. म्हणून चपड्याच्या पॉलिशवर राख किंवा सोडा वापरायचा तर तेलातून, पाण्यातून नाही. जुन्या घरांत राखुंडीने दात घासत आणि राखेने पितळ. दोन्हीला पाणी चालते. टेबलाला चालत नाही. वस्तू तीच, सोबत बदलली की तिचा स्वभाव बदलतो.

टूथपेस्ट वेगळ्या कारणासाठी विश्वासाची आहे. घरातली ही एकच भुकटी अशी, की जिच्या खरवडण्याचे मोजमाप ठरलेले आहे. दाताच्या आतल्या थराची किती झीज होते यावरून आकडा काढतात. संदर्भासाठी धरलेल्या पदार्थाला १००, आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार कमाल मर्यादा २५०. पांढरी, साधी पेस्ट घ्यावी. तिच्यात चुनखडी किंवा सिलिका असते. गरम कपाने चपड्याच्या पॉलिशवर पांढरे वर्तुळ उठले असेल, तर तो बहुधा वरच्या थरात शिरलेला ओलावा असतो. पेस्टचा वाटाण्याएवढा गोळा ओलसर सुती फडक्यावर घेऊन थोडा वेळ हलक्या हाताने फिरवला की तो थर झिजतो आणि वर्तुळ जाते. काळे डाग असे जात नाहीत. ते पॉलिशमध्ये नसतात, खाली लाकडात असतात, आणि पाणी, लोखंड व लाकडातले टॅनिन यांनी मिळून केलेले असतात.

हिरव्या घासणीला हात लावू नये. तिच्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे असतात, ज्याचे स्फटिक माणिक आणि नीलम होतात तेच द्रव्य, मोह्सच्या मापावर नऊ. कढईसाठी ती बरोबर आहे.

*

पारिजातकाच्या फुलांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या पानाविषयी फारसे नाही.

ते पान बोटांत चोळून पाहावे. वरची बाजू ताठ, आखूड केसांनी भरलेली, चक्क पेपरसारखी खरखरीत. या पानांनी लाकूड आणि हस्तिदंत घासण्याची रीत भारतात जुनी आहे. सह्याद्रीतल्या खरवताची पानेही त्याच कामाची. ते अंजिराच्या कुळातले झाड. जपानमध्ये तोकुसा नावाची नळीसारखी वनस्पती उकळून, वाळवून, चिरून लाकूड आणि शिंगाच्या वस्तू घासायला वापरतात. तिच्या सालीत सिलिका भरलेली असते. युरोपातही तिच्याच जातीची वनस्पती शेकडो वर्षे सुतारांच्या हाताशी होती.

एवढ्या दूरदूरच्या कारागिरांनी एकमेकांना न विचारता झाडाकडूनच झाडाचे घासणे घेतले. मला यात फार समाधान वाटते. पारिजातकाचे पान लाकडाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकते, कोरीव कामाच्या खाचेत शिरते, आणि खराब झाले की दुसरे तोडता येते. एका पानात थोडेच काम होते, हे खरे. पण मूर्तीच्या बोटांमधल्या फटीत किंवा देव्हाऱ्याच्या महिरपीत घडी घातलेला पेपर जात नाही, तिथे पानाची गुंडाळी जाते.

केवड्याच्या पानाची गोष्ट निराळी. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडाची खेळणी लेथवर फिरत असतानाच त्यांना लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाने लाकूड तापते, लाख पसरते, आणि मग केवड्याच्या पानाची पट्टी दाबून धरली की ती सारखी होऊन चमकू लागते. इथे खरवडणे जवळजवळ नाही. लाख ७०-८० अंश सेल्सिअसला मऊ होऊन वाहू लागते. पान तिला फक्त वाट दाखवते. न्यूटनचे म्हणणे कोरड्या घासण्यापुरते खरे धरावे. उष्णतेने जे वाहते त्याला ओरखडे लहान करत बसावे लागत नाही; ते भरून निघतात.

हाच गुण चपड्याच्या पॉलिशला स्पिरिटमुळे मिळतो. नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवतो आणि दोघांचा एक थर होतो. पॉलियुरेथेनचे तसे नाही. त्याचा प्रत्येक हात वाळल्यावर बंद होतो. पुढच्याला धरायला जागा हवी म्हणून मधल्या हातांना ओरखडावेच लागते, आणि शेवटचा हात घासताना आरपार गेलो तर वरचा थर संपून खालचा उघडा पडतो तिथे वेडीवाकडी कड उमटते. ती कितीही घासली तरी जात नाही, पसरते. पॉलियुरेथेन टिकाऊ आहे, पाण्याला दाद देत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ मी तेच निवडीन. पण बैठकीतल्या टेबलाला चपडाच द्यावा असे माझे मत आहे. दुरुस्त होण्याची तयारी हा न बिघडण्यापेक्षा मोठा गुण आहे.

*

वाळणे आणि पिकणे वेगळे. तेलाचे वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन दुसऱ्या दिवशी हाताला कोरडे लागते. आत ते कित्येक आठवडे घट्ट होत असते. लवकर घासले तर भुकटी पडत नाही, चिकट गोळ्या होतात आणि त्या गोळ्याच नवे ओरखडे ओढतात. नाक जवळ नेऊन पाहावे. वास येतो तोवर पिकलेले नाही. पांढरी, कोरडी, उडणारी भुकटी पडू लागली की समजावे, आता घासता येईल.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात चपड्याचे पॉलिश करूच नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर पांढरट पडतो. जुने पॉलिशवाले जुलैत दुसरे काम घेत. त्यांना कारण विचारले तर ते हवेकडे बोट दाखवत, आणि ते उत्तर पुरेसे होते.

*

चमक किती हवी, हा हौसेचा प्रश्न समजला जातो. मला तो पाहण्याचा प्रश्न वाटतो. आरशासारख्या टेबलात खोली दिसते, छतावरचा दिवा दिसतो, लाकूड दिसत नाही. ओरखडे सगळ्या दिशांना गेले की पृष्ठभाग धुरकट होतो. ते सगळे बारीक आणि एकाच दिशेने, लाकडाच्या रेषांबरोबर गेले, की मंद, रेशमी उजाळा येतो आणि सागाच्या रेषा त्यातून वर येतात. दोन्हीकडे ओरखडेच. फरक त्यांच्या शिस्तीचा.

म्हणून गोल गोल घासू नये, डाग घालवण्यापुरते सोडून. हात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाऊ द्यावा. मध्ये थांबून उलटे फिरल्यास तिथे खूण राहते. कडांपाशी बोटे हलकी ठेवावीत; तिथे थर मुळात पातळ असतो, कारण ओले पॉलिश धारेवरून मागे सरते, आणि घासणाऱ्या हाताचा दाब तिथेच वाढतो. टेबल झिजू लागते ते मधून नाही, कडेने.

जपानी लॅकरकामाची शेवटची पायरी कुठल्याच फडक्याने होत नाही. कोळशाने घासून सपाट केलेल्या काळ्या थरावर तेल आणि जाळलेल्या हरणाच्या शिंगाची भुकटी घेऊन कारागीर बोटांनी आणि तळव्याने घोटतो. सगळी साधने संपल्यावर कातडी उरते. तिच्यापेक्षा मऊ, आणि केलेल्या कामाची खबर त्याच क्षणी देणारे, दुसरे काही नाही. आपल्या घरातल्या जात्याचा खुंटा आणि लाटण्याची मूठ कोणी ठरवून पॉलिश केलेली नसते. पीठ, तेल आणि तळवा यांनी तेच काम वर्षानुवर्षे केले. ते करणाऱ्या बायांना कोणी कारागीर म्हटले नाही. म्हणायला हवे होते.

*

घासून झाले की भुकटी ओलसर फडक्याने टिपावी, पुसू नये. मग मेणाचा पातळ हात. मेण उरलेल्या ओरखड्यांत बसते आणि उजेडाला अडखळायला जागा कमी ठेवते. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या तापतात आणि ढिगात आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेक मोकळी पसरावी.

टेबलाच्या खालच्या बाजूलाही पॉलिशचे हात द्यावेत. नाही तर पावसाळ्यात फळी एकीकडून ओल घेते, दुसरीकडून घेत नाही, आणि वाकते. तिथे घासायचे कारण नाही. फक्त कडेपासून आत चार बोटांपर्यंतची पट्टी वरच्याइतकीच मन लावून घासावी, आधी झिजलेल्या पेपरने, मग खाकी कागदाने. जेवायला बसताना खुर्ची पुढे ओढली की बोटे तिथे लागतात, आणि लहान मुले तर टेबलाला पहिल्यांदा धरतात ती तिथेच.